उघडण्यासाठी बांधलेली छत्री

हवाई छत्रीबद्दल लिहायला मी बसलो आहे खरा, पण हे मला शोभतं का, याची खात्री नाही. ज्यांनी सैन्यात राहून जन्मभर विमानातून उड्या मारल्या त्यांनी हे लिहायला हवं होतं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी पाटीवर अक्षर गिरवलेलं नव्हतं. त्यामुळे आपलं काही छापील पानावर यावं, असं मनात आलं तरी मी मागे वळून पाहतो, कुणी हसत तर नाही ना म्हणून. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. मी लिहिणार आहे ते उडीआधीच्या दिवसांबद्दल. उडीबद्दल दुसरे लिहितील. हे दिवस मात्र माझ्याशिवाय कुणी लिहील असं वाटत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट आहे. मी यवतमाळला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचा तांडा आर्णीच्या बाजूला, सडकेपासून बराच आत. आजोबांच्या काळात आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखात फिरत; त्याला लदेणी म्हणत. वडिलांच्या वेळेपर्यंत ते सगळं संपलं आणि आम्ही कापूस आणि ज्वारी पिकवायला लागलो. घरी आम्हा बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, आणि कॉलेजात पुस्तकातली मराठी. या तिन्हीच्या मध्ये मी कायम अडखळत असे. वर्गात प्राध्यापकांनी काही विचारलं की उत्तर येत असूनही मी उभा राहायचो आणि तसाच खाली बसायचो.

परेडच्या मैदानावर मात्र मला बोलावं लागत नसे. तिथं आमचे उस्ताद होते. सैन्याच्या छत्रीधारी पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते यवतमाळला परत आले होते आणि कॉलेजातल्या कॅडेटांना शिकवत होते. घराणं शिंप्याचं. बाजारात त्यांच्या भावाचं दुकान होतं, आणि ते स्वतः म्हणत, "आमच्या घरात सगळे कपडे शिवतात. मी एकटाच कपड्याले लटकलो."

सैन्यानं बाद केलेल्या दोन-तीन छत्र्या त्यांनी कुठूनतरी मिळवल्या होत्या. रविवारी सकाळी आम्ही त्या मैदानात पसरत असू. पांढऱ्या नायलॉनचा तो घेर पाहून पहिल्या दिवशी एक जण म्हणाला होता, "उस्ताद, याच्यात तं अख्ख्या लग्नाचा मांडव होईल."

"मांडव खाली पडला तं लोक हसतात," उस्ताद म्हणाले. "ही पडली तं हसाले तू राह्यत नाही. हात पूस अन् मंग कापडाले लाव."

छत्री कशी निवडायची, हे त्यांनी आम्हाला आधी शिकवलं. उडी फार नंतर आली. कापडाचा एकेक पट्टा उन्हाकडे धरून पाहायचा. बिडीच्या ठिणगीचं एवढंसं भोकसुद्धा उजेडात दिसतं. मग नाक लावायचं. दमट वास आला तर ती छत्री वेगळी ठेवायची, सुकवून पुन्हा तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. दोऱ्या डोळ्यांनी पाहायच्या नाहीत, बोटांमधून ओढायच्या; जिथं खरखर लागेल तिथं थांबायचं. अंगावरच्या पट्ट्यांमध्ये मांड्यांचे पट्टे आधी आवळायचे, कारण छत्री उघडते तेव्हा सगळा हिसका तिथं बसतो. आणि घेर माणसाच्या वजनाप्रमाणे. जड माणसाला लहान छत्री दिली तर तो दगडासारखा आपटतो. हलक्याला मोठी दिली तर वारा त्याला घेऊन कुठंही जातो.

मी तेव्हा फार हडकुळा होतो. उस्ताद मला म्हणाले, "तुले मोठी छत्री देली तं तू पुसदले उतरशीन, बेटा. थेट बाजारात."

मग उतरण्याचे धडे. मैदानाच्या कडेला सागाच्या खांबांचं एक मचाण उभं केलं होतं. त्यावरून उडी मारायची: पाय जुळलेले, गुडघे जुळलेले आणि जरा वाकलेले, नजर समोर झाडांच्या शेंड्यावर. जमिनीकडे पाहिलं की माणूस नकळत पाय लांब करतो आणि हाड मोडतं. टेकताक्षणी एका कुशीवर लोळायचं, पोटरी, मांडी, कंबर, मग पाठ. खांद्यांवरून वर जाणारे पट्टे असतात. ज्या बाजूचे खेचावे त्या बाजूला छत्री सरकते, पण जमिनीजवळ आल्यावर खेचाखेच बंद. आणि उडी घेतल्यावर पहिलं काम वर पाहायचं. घेर गोल आहे का, दोऱ्यांना पीळ नाही ना, हे पाहून मगच बाकीचं जग पाहायचं.

एकदा वारं असलेल्या सकाळी त्यांनी मला पसरलेल्या छत्रीला जोडलं, ओढलं जाण्याचा सराव म्हणून. छत्री फुगली आणि मला घेऊन निघाली. मैदान संपलं, गोखरूचं रान सुरू झालं. मागून उस्ताद ओरडत होते, "खालच्या दोऱ्या ओढ, खालच्या." मी ओढल्या, छत्रीचा श्वास गेला, आणि मी उठून पळत तिच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो, शिकवल्याप्रमाणे. पाठीला एवढे काटे होते की खोलीतल्या मित्रानं ते काढता काढता म्हटलं, "तू उडून राह्यला का पेरून राह्यला?" मी खूप हसलो. कॉलेजात आल्यापासून मी असा हसलो नव्हतो.

त्या हिवाळ्यात उस्तादांनी सांगितलं की आमच्यातल्या काही जणांना आग्र्याला पाठवणार आहेत. तिथं सैन्याचे लोक आठवडाभर तयारी घेतील आणि मग खऱ्या विमानातून उड्या. निवड वरून होणार. पण नाव पाठवण्याआधी उस्तादांची एक अट होती: बापाचा होकार त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला पाहिजे. सहीवर त्यांचा विश्वास नव्हता. "सही पोट्टे आपसातच करतात," ते म्हणाले.

मला जायचं होतं. इतकं दुसरं काही मला तोपर्यंत हवं झालेलं आठवत नाही. ही एकच गोष्ट अशी होती की ती माझ्या जिभेवर अवलंबून नव्हती.

सुट्टीत घरी गेलो आणि जेवताना सांगितलं. घरचं बोलणं गोरबोलीतलं, पण इथं ते वऱ्हाडीत लिहितो. आई, म्हणजे आमची याडी, भाकर थापत होती. तिचा हात थांबला.

"इमानातून," वडील म्हणाले. "चालत्या?"

"हो."

"कायले? थांबत नाही का ते?"

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे माह्या एकट्याचं काम नाही. नायकाले इचारू."

आमच्या तांड्यात लग्न असो, भांडण असो, नायकाच्या दारात बसल्याशिवाय ठरत नाही. नायक म्हातारे होते. लहानपणी लदेणीच्या बैलांबरोबर चाललेला तांड्यात राहिलेला तो शेवटचा माणूस. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुह्यं ते कापड कोण बांधते?"

"तिथं वेगळे लोक असतात. घडी घालणारे."

"अन् उडी कोण मारते?"

"आम्ही."

"मंग जमत नाही," नायक म्हणाले. "ज्याले बैलासंग चालाचं असते त्यानंच गोणी बांधाव. दुसऱ्यानं बांधलेल्या गाठीवर जीव कोण ठेवते?"

मी पुन्हा वर्गातल्यासारखा गप्प झालो. शेवटी एवढंच म्हणता आलं, "उस्तादांना बोलावतो. तुम्ही त्यांनाच विचारा."

उस्ताद आले. आर्णीपर्यंत मोटारीनं आणि पुढं आमच्या दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, बरोबर दोन छत्र्या घेऊन. एक माणसाची मोठी, एक सामान टाकायची लहान. दोन्ही त्यांनी यवतमाळहून घडी घालून पिशव्यांमध्ये भरून आणल्या होत्या. तांड्याच्या मागं डोंगराचा एक तुटलेला कडा आहे; खाली नाला, पलीकडे तुरीची शेतं. उस्तादांनी कडा पाहिला, चिमूटभर माती सोडून वाऱ्याची दिशा पाहिली आणि म्हणाले, "इथून ज्वारीचं अर्धं पोतं सोडून दाखवतो. माणूस नाही."

आधी जेवण झालं. याडीनं पाहुण्यांसाठी मुगाचं वरण, भाकरी आणि लसणाची चटणी केली होती. उस्ताद जेवले आणि हात धुऊन सगळ्यांबरोबर कड्यावर आले. तांडा लोटला होता. बाया घागऱ्यांचे घोळ सावरत दगडांवर बसल्या होत्या.

उस्तादांनी दोन्ही पिशव्या पुढे ठेवल्या आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "बोल, यातली कोणती?"

"मोठी घे लेका," मागून एक काका म्हणाले. "मोठी कधीबी बरी."

माझी कानशिलं तापली. पण उत्तर येत होतं, आणि या वेळी मी खाली बसलो नाही. "लहान," मी म्हणालो. "पोतं हलकं आहे. मोठीला पुरतं वजन मिळणार नाही. उघडायला वेळ लागेल, आणि उघडली तर वारा तिला पलीकडच्या गावात नेईल."

"अन् माणसाले?" नायकांनी विचारलं.

"त्याच्या वजनाप्रमाणे."

"हं," नायक म्हणाले, आणि मला वाटलं अर्धं काम झालं.

उस्तादांनी पोतं छत्रीच्या दोऱ्यांना जोडलं. पिशवीला एक मजबूत पट्टा होता, त्याचं दुसरं टोक त्यांनी कड्यावरच्या सागाच्या बुंध्याला बांधलं. "हे झाड म्हणजे इमान समजा," ते म्हणाले. "पोतं खाली जाईन. पट्टा ताणला की पिशवी इथंच राहीन, तिचं तोंड उघडीन अन् छत्री बाहेर येईन. उडणाऱ्याले काही ओढावंच लागत नाही." मग आम्ही दोघांनी मिळून पोतं ढकललं.

पोतं गेलं. पट्टा ताणला गेला. झाड हललं. आणि सगळं थांबलं.

आम्ही पालथे पडून खाली पाहिलं. पोतं कड्याच्या खाली, दोऱ्यांच्या टोकाला, विहिरीतल्या बादलीसारखं गरगर फिरत होतं. छत्रीचा पत्ता नव्हता.

मग एक म्हातारी म्हणाली, "उतरलंच नाही हे तं."

"लटकून राह्यलं," दुसरी म्हणाली. "पोट्टं असंच लटकून जाईन का आग्र्यापासून दिल्लीपर्यंत?"

बाया पदरात हसायला लागल्या. नायक हसले नाहीत. ते उठले, काठी घेतली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पाह्यलं आपण."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. सगळं हातातून गेलं होतं. उस्ताद मात्र शांत होते. त्यांनी चार जणांना पट्ट्याला हात लावायला सांगितलं आणि पोतं वर ओढून घेतलं. पिशवी हातात आली तेव्हा त्यांनी तिचं तोंड पाहिलं; यवतमाळला स्वतःच बांधलं होतं म्हणून आधी पाहिलं नव्हतं.

पिशवीचं तोंड कच्च्या दोऱ्यानं बांधलेलं असतं, जेमतेम घडी सांभाळण्यापुरतं. हिसका बसला की तो तुटावा म्हणूनच. इथं त्या दोऱ्यावरून अंबाडीची नवी दोरी तीनदा फिरवलेली होती आणि वर एक अशी गाठ होती की ती मी लहानपणापासून ओळखत होतो.

"ही गाठ कोनं मारली?" उस्तादांनी विचारलं.

"मी," वडील पुढं येऊन म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानच होता. "तुमी जेवत होते तवा. दोरा लयच कच्चा होता, साहेब. हातानं तुटला असता."

आमच्यात रीत आहे. पाहुणा निघायच्या आधी त्याचं ओझं यजमानानं एकदा आवळून द्यायचं. लदेणीच्या दिवसांतली रीत. वाटेत गोणी सुटली तर दोष शेवटच्या मुक्कामाच्या घराला लागे. ओझी गेली, बैल गेले, पण अजूनही कुणी पाहुणा मोटारीला निघाला तर वडील त्याच्या वळकटीची दोरी सोडून पुन्हा बांधतात. त्यांनी उस्तादांच्या सामानालाही तेच केलं होतं. लेकराच्या उस्तादांचं सामान, म्हणून जरा जास्तच.

उस्तादांनी ती गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. ते खाली बसले आणि हसायला लागले. डोळे पुसत हसले. "बावा," ते वडिलांना म्हणाले, "अशी गाठ आमच्या पलटणीत कोनाले येत नाही. अन् देवाची मेहरबानी की येत नाही."

"चुकलं का काही?" वडिलांचा चेहरा उतरला.

"तुमची गाठ बंद पोहोचाले असते. आमची उघडाले. दोन्ही गाठी चांगल्या हायत, फक्त ज्याची त्याले पायजे." मग ते नायकांकडे वळले. "नायकजी, तुमचा सवाल मले पोट्ट्यानं सांगितला. आमच्या घडी घालणाऱ्यायले एक नियम हाय. अधूनमधून साहेब येते, रचलेल्या छत्र्यायतली एक उचलते अन् ती बांधणाऱ्यालेच देते. म्हणते, चाल, मार उडी. नाही म्हनता येत नाही."

नायक परत खाली बसले. "म्हंजे त्यालेबी बैलासंग चालाव लागते."

"कवाबी लागू शकते. म्हणून तो रोजच नीट बांधते."

"मंग ठीक," नायक म्हणाले. "पन हे पोट्टंबी बांधाले शिकलं पायजे."

उस्तादांनी ती गाठ सोडायला वडिलांनाच सांगितलं. त्यांनी दातांनी एक पीळ धरला आणि ती चटकन सुटली. मग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मी घडी घातली. दोऱ्या सरळ बसल्या. कच्चा दोरा बांधायची वेळ आली तेव्हा बोटं आपोआप घरच्या गाठीकडे वळली. उस्तादांनी नुसतं माझ्या मनगटावर बोट ठेवलं. मी थांबलो आणि साधी गाठ मारली.

पोतं पुन्हा ढकललं. पट्टा ताणला, दोरा तुटल्याचा बारीक आवाज आला, आणि कड्याच्या खाली काहीतरी पांढरं फडफडलं. मग ते एकदम गोल झालं. ज्वारीचं पोतं नाल्यावरून तरंगत गेलं आणि तुरीच्या शेतात इतकं हळू बसलं की शेजारच्या बांधावर चरणाऱ्या गाईनं फक्त मान वर केली.

सगळे बोलायला लागले. बाया उठून उभ्या राहिल्या. वडील माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

याडीनं मात्र तेव्हा तोंड उघडलं. "साहेब," ती म्हणाली, "आता उघडली. तवा नाही उघडली तं?"

"छातीवर दुसरी असते, बाई. ती हातानं उघडाची."

"अन् ते नाही उघडली तं?"

सगळे उस्तादांकडे पाहत होते. मला वाटलं, ते काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. मी त्यांच्या जागी असतो तर नेलीच असती.

"मंग नाही," उस्ताद म्हणाले. "तिसरी नसते. म्हणूनच मी पोट्ट्यायले एवढा तरास देतो. भोक पाह्याले लावतो, वास घ्याले लावतो. ज्याले कंटाळा येते त्याचं नाव मी पाठवत नाही. तुह्या पोराले कंटाळा येत नाही, येवढं मी पाह्यलं."

याडी वडिलांना गोरबोलीत म्हणाली, हा माणूस खोटं बोलत नाही. आणि उठून घराकडे गेली, संध्याकाळच्या स्वयंपाकाला.

वडिलांनी उस्तादांना होकार दिला. उस्तादांनी तो दोनदा म्हणवून घेतला.

नाव गेलं. पुढचे दिवस वाट पाहण्यात गेले, आणि ते मला नीट सांगता येणार नाहीत, कारण तेव्हा दुसरं काही घडलंच नाही. निकाल कॉलेजात लागणार होता आणि मी सुट्टीत तांड्यावर अडकलेला. टपाल आमच्याकडे येत नसे. सकाळी मी वडिलांबरोबर कापूस वेचायला जाई आणि वेचता वेचता नकळत कापडासारखा उन्हात धरून पाही. वडील म्हणत, "त्यात भोक नसते, बावा. वेच." संध्याकाळी नायकांच्या दारात घोंगड्याच्या घड्या घालून दाखवाव्या लागत, कारण आता तांड्यातल्या प्रत्येकाला आपण छत्री बांधू शकतो असं वाटायला लागलं होतं. नायक माझी घडी तपासत आणि म्हणत, "परत."

मनातून मी तयारीही ठेवली होती. नाव नाही आलं तर काय, परत वर्गात बसायचं, एवढंच. पण कॉलेजात परत जाऊन ते फळ्यावर वाचायची हिंमत होत नव्हती. याडीला ते कळत असावं. ती मला त्याबद्दल काही विचारत नसे. फक्त सडकेकडून कुणी येताना दिसलं की हातातलं काम ठेवून उभी राही.

मग आर्णीच्या बाजाराचा दिवस आला. वडील आणि मी कापसाची गाडी घेऊन गेलो होतो. यवतमाळची मोटार येऊन थांबली आणि ड्रायव्हर, जो उस्तादांच्या मोहल्ल्यातला होता, खिडकीतून अर्धा बाहेर वाकून गर्दीत कुणाला तरी शोधत होता. त्यानं आधी वडिलांचं पागोटं ओळखलं, उस्तादांना घ्यायला आम्ही आलो तेव्हा पाहिलेलं, आणि मग मला.

"तूच ना बे तो छत्रीवाला?" तो म्हणाला. "चार दिवसांपासून हर बाजारात तुले धुंडून राह्यलो मी. उस्तादनं सांगितलं हाय, तुह्यं नाव आलं. सोमवारी आग्र्याची गाडी हाय."